बाबांची शुगर आणि जांभळाचा मध

शाल्मली

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या घरचा आहे, पण बऱ्याच घरांत हाच वाद चालू असणार.

बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. टाइप २ मधुमेहाला ११ वर्षं झाली. गोळ्या, सकाळचं फिरणं, पथ्य, सगळं बेतात चाललं होतं. जानेवारीत त्यांचा एक जुना विद्यार्थी महाबळेश्वरहून जांभळाच्या मधाची पाच किलोची बरणी घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, हा मध शुगर वाढवत नाही, उलट उतरवतो." तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात एक मोठा चमचा, आणि दुपारी जेवणानंतर ॲसिडिटीवर म्हणून आणखी एक. चहातली साखर मात्र पूर्ण बंद केली. परवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून घेतली. डिसेंबरात ७.२ होती, आता ८.१.

मी मध थांबवा म्हटलं तर बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, दुपारची जळजळ मधाने खरोखर थांबली आहे. ते खोटं बोलत नाहीत हे मलाही ठाऊक आहे.

मधाने मधुमेहात आणि पोटाच्या तक्रारींत नक्की काय होतं? जांभळाच्या मधाचं काही वेगळं आहे का? ज्यांनी स्वतः घेतला आहे त्यांनी कृपया लिहा. बाबा हा धागा वाचणार आहेत, म्हणून जरा जपून.

रानवाटा

आमच्या आजीचा रोजचा चमचा ९१ व्या वर्षापर्यंत चुकला नाही. शुगर नव्हती, बीपी नव्हतं. मधासारखं अमृत नाही. साखर बंद केली हे उत्तमच केलं गुरुजींनी.

पोळपाटलाटणं

रानवाटा, तुमच्या आजी शेतावर जात असतील आणि त्यांना मधुमेह नव्हता. इथे प्रश्न मधुमेह असलेल्या माणसाचा आहे.

डॉक्टरीणबाई

शाल्मली, चांगला प्रश्न. मी जनरल प्रॅक्टिस करते, आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा विषय निघतोच.

आधी चमच्याचं गणित. चहाच्या चमच्यात साखर सपाट भरली तर साधारण ४ ग्रॅम बसते. त्याच चमच्यात मध बसतो ७ ग्रॅम, कारण मध जड असतो. त्या ७ ग्रॅममध्ये शर्करा जवळपास ६ ग्रॅम. म्हणजे "चमच्याला चमचा" बदल केला तर मधातून शर्करा जास्तच जाते. मोठा चमचा म्हणजे सुमारे २१ ग्रॅम मध, १७ ग्रॅम शर्करा, ६४ कॅलरी. बाबा असे दोन घेतात, म्हणजे ३४ ग्रॅम शर्करा. चहात आधी किती साखर पडत होती?

मध म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. १०० ग्रॅम मधात अदमासे ३८ ग्रॅम फ्रुक्टोज, ३१ ग्रॅम ग्लुकोज, १७-१८ ग्रॅम पाणी. बाकी थोड्या इतर शर्करा, आम्लं, एन्झाइम, परागकण. फुलातल्या रसात असते ती बरीचशी साधी साखरच. माशी आपल्या डोक्यातल्या ग्रंथींच्या एन्झाइमने ती फोडते, म्हणून मध "पचायला हलका". पण ग्लुकोज आधीच सुटं असल्यामुळे ते रक्तातही पटकन उतरतं. ग्लायसेमिक इंडेक्स (शुगर किती चढवतो त्याचं माप) साखरेपेक्षा थोडा कमी भरतो, फार नाही. जागतिक आरोग्य संघटना मध 'फ्री शुगर'मध्येच, म्हणजे साखरेच्याच गटात मोजते.

जांभळाबद्दल: मधुमेहावर जे सांगतात ते जांभळाच्या बीबद्दल, फार तर सालीबद्दल. माशी आणते फुलातला मकरंद. बीमधलं मधात येत नाही.

शाल्मली

डॉक्टरीणबाई, दोन वेळा चहा, प्रत्येकी एक लहान चमचा साखर. म्हणजे ८ ग्रॅम बंद केली आणि ३४ ग्रॅम सुरू केली? हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

नीरज_पुणे

पण टोरोंटो विद्यापीठाच्या २०२२ च्या आढाव्याचं काय? १८ चाचण्या, हजारावर माणसं. उपाशीपोटीची शुगर कमी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) कमी, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) जास्त. न तापवलेला मध आणि एकाच फुलोऱ्याचा मध अधिक चांगला ठरला. बातम्या सगळीकडे आल्या होत्या. "साखरच ती" म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही.

डॉक्टरीणबाई

नीरज, आढावा खरा आहे आणि मीही वाचला आहे. पण त्यात बहुतेक माणसं तब्येतीने बरी होती आणि त्यांच्या एकूण आहारात साखर आधीच कमी होती. पुराव्याची खात्री कमी आहे हे संशोधकांनी स्वतःच लिहिलं आहे. त्यांचा सल्लाही "साखर खाताच आहात तर त्याऐवजी मध घ्या" असा आहे, "मध सुरू करा" असा नाही. दुसरीकडे इराणमध्ये मधुमेहींवर आठ आठवड्यांची एक चाचणी झाली, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. मध घेणाऱ्यांचं वजन आणि कोलेस्टेरॉल थोडं सुधारलं, एचबीए१सी मात्र वाढली. शाल्मलीच्या घरी जे दिसलं तसंच.

मधात चांगलं काही नाही असं मी म्हणत नाही. खोकल्याला मी स्वतः सांगते. शुगर ७० च्या खाली जाऊन घाम फुटला, हात थरथरायला लागले तर एक मोठा चमचा मध हा झटपट उपाय आहे, माणूस शुद्धीत आणि गिळू शकत असेल तर. खाली गेलेली शुगर वर आणतो म्हणूनच तर तो तेव्हा कामाला येतो.

पोळपाटलाटणं

शेवटचं वाक्य फ्रिजवर चिकटवायला हवं.

सातेरीवाला

आमचा पिढीजात धंदा. महाबळेश्वर तालुक्यात माझ्या ४० पेट्या आहेत, सातेरी या आपल्या देशी मधमाशीच्या. म्हणून राहवलं नाही.

जांभळाचा मध शुगर उतरवतो असं मी माझ्या एकाही गिऱ्हाइकाला सांगत नाही. माझे वडीलही सांगत नव्हते. हे बोलणं गेल्या काही वर्षांत बाजारपेठेतल्या दुकानांतून सुरू झालं. गुरुजींच्या विद्यार्थ्याने वाईट हेतूने सांगितलं नसणार, त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल.

आता जांभळाचा मध म्हणजे काय ते सांगतो. एप्रिलमध्ये जांभळं फुलतात तेव्हा पेटीजवळ उभं राहिलं तरी वास येतो. माशी मधकोठीत मध भरते, पंखांनी वारा घालून पाणी आटवते आणि पिकला की वर मेणाची पांढरी टोपी घालते. चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाली की मगच आम्ही ती उचलतो. सुरीने टोपण कापायचं, चौकट यंत्रात फिरवायची, पोळं परत पेटीत. रंग गडद, चवीला किंचित तुरट, मागून कडसर. त्याच दिवसांत हिरडा फुललेला असतो, त्यामुळे अगदी शंभर टक्के जांभूळ असं कोणी छातीठोक म्हणू नये. कारवीचा मध तर सात-आठ वर्षांतून एकदा.

घाई करून न पिकलेला मध काढला तर त्यात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो. तोंडाशी फेस, आंबूस वास. तसला मध खाऊन पोट बिघडतं आणि नाव मधाचं खराब होतं.

मेघमल्हार

सातेरीवाला दादा, आमचा मध हिवाळ्यात खाली साखरेसारखा बसला. भेसळ ना?

सातेरीवाला

नाही हो. ग्लुकोजचे कण बसतात, थंडीत तर हमखास. बरणी उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवा, विरघळेल. गॅसवर ठेवू नका. आणि ती पाण्यात थेंब सोडायची परीक्षा, काडेपेटीची परीक्षा, मुंग्या येतात का ती परीक्षा, कुत्रा खातो का ती, कशालाही अर्थ नाही. साखरेचा दाट पाकही पाण्यात तळाशीच जातो.

नीरज_पुणे

यावर भर घालतो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचे नमुने तपासले. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक पास झाले, जर्मनीत एनएमआर ही जास्त बारीक चाचणी केल्यावर बरेच अडकले. सगळ्या चाचण्यांत पार झाले फक्त ३. तांदळाच्या आणि तसल्या पाकांची भेसळ जुन्या चाचण्या चुकवूनच बनवलेली असते. कंपन्यांनी निष्कर्ष अमान्य केले, हेही नोंदवतो. म्हणजे आपण "मध" म्हणून ज्याचे गुण-दोष चर्चेला घेतो तो बाटलीत आहे का, हाही प्रश्न आहे.

वैद्य_मंजिरी

आयुर्वेदाचं नाव वर आलं नाही पण येणारच, म्हणून आधीच लिहिते.

चरकाने प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराची) कारणं सांगताना बसून राहणं, झोपेचं सुख, दही, नवं धान्य यांच्याबरोबर गुळाचे पदार्थ सांगितले आहेत. मध त्या यादीत नाही, उलट मेद आणि कफ कमी करणाऱ्यांत आहे, हे खरं. पण लोक पुढचं वाचत नाहीत. नवा मध बृंहण करतो, म्हणजे वजन वाढवतो. जुना झालेला मध लेखन करतो, म्हणजे मेद झडवतो. बाजारातून आणलेला या हंगामाचा मध "चरबी उतरवायला" पिणं हे ग्रंथालाही धरून नाही. शिवाय मध तापवायचा नाही, उकळत्या पाण्यात तर नाहीच. मध आणि तूप समप्रमाणात नाही.

आणि मात्रा! निशा-आमलकीसारखं (हळद-आवळ्याचं) चूर्ण मधात कालवून देतो तेव्हा मध लागतो चाटणापुरता. औषध पोचवणारं वाहन आहे ते. वाहनच रोज दोन मोठे चमचे घ्यायचं, हे मी तरी कुठे शिकलेले नाही. ज्यांची साखर नियंत्रणात नाही त्यांना मी चूर्ण पाण्याबरोबर देते.

डॉक्टरीणबाई

मंजिरीताई, मनापासून अनुमोदन. तापवण्याबद्दल आमच्याकडचं कारण वेगळं आहे: एन्झाइम मरतात आणि एचएमएफ नावाचं संयुग वाढतं. प्रयोगशाळेत मध तापवला गेलाय की नाही हे त्यावरूनच ओळखतात.

खारीबिस्किट

पोटावर कोणीच बोलत नाहीये, म्हणून माझा अनुभव. मला आयबीएस (आतडी नाजूक असण्याचा जुना त्रास) आहे. "आतडी शांत होतात" म्हणून मी दोन महिने सकाळी मध-लिंबू-कोमट पाणी घेतलं. रोज अकरा वाजेपर्यंत पोट ढोलासारखं फुगायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये पोटातून आवाज यायचे आणि मी खुर्ची सरकवून ते लपवायचे. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्यात आधी मध बंद केला. त्यांनी समजावलं की मधात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं, ते जास्तीचं फ्रुक्टोज काहींच्या लहान आतड्यात शोषलं जात नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, गॅस करतं, पाणी ओढतं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने जो लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला) बसवला त्यात मध टाळायच्या यादीत आहे. कांदा-लसूणही आहे, त्याचं दुःख वेगळं. चौथ्या दिवशी पोट बसलं.

रानवाटा

पण मग बद्धकोष्ठतेला मधाने आराम पडतो तो कसा? मला पडतो.

खारीबिस्किट

त्याच कारणाने की! ते न शोषलेलं फ्रुक्टोज पाणी ओढतं, पोट साफ होतं. तुमचं औषध तेच माझं दुखणं.

आईची_लेक

माझं बाळ सात महिन्यांचं आहे, पोट कडक असतं. सासूबाई बाळगुटी मधात उगाळून चाटवतात. चालेल ना?

डॉक्टरीणबाई

नाही. आजच थांबवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. शुद्ध मधातही क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. त्याचं पहिलं लक्षणच बद्धकोष्ठता असतं, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान सैल पडते. असं काही दिसलं तर रात्र-अपरात्र न बघता बाळरोगतज्ज्ञ गाठा. नुसतं पोट कडक असेल तरी एकदा दाखवून घ्या. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं.

आईची_लेक

धन्यवाद ताई. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच बाटली वरच्या फळीवर ठेवली. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली आहे.

ऑकलंडकर

इकडे न्यूझीलंडमध्ये मानुका झुडपाच्या मधाचं प्रस्थ आहे. मिथाइलग्लायॉक्सल जास्त म्हणून जंतुनाशक, जखमांवर लावायला तसा मध वापरतातही. पण सुपरमार्केटमध्ये "पचनासाठी" म्हणून अव्वाच्या सव्वा किमतीला विकतात. प्रयोगशाळेतल्या बशीत मधाने हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटातला जंतू मरतो, म्हणून अल्सरवर मध, असं चालतं. बशी आणि माणसाचं पोट यात फरक आहे ना?

मावळतीकर

ऑकलंडकर, याच मुद्द्यावर आमच्या घरचं सांगतो. माझे मामा पोटात जळजळ म्हणून सात-आठ महिने मध आणि थंड दूध घेत राहिले. घेतलं की अर्धा तास बरं वाटायचं, म्हणून डॉक्टरकडे गेले नाहीत. मग शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. तेही त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शेवटी चक्कर येऊन अंगणात पडले. हिमोग्लोबिन ६. दुर्बिणीने बघितलं तर अल्सर, तोही वाहता. हेलिकोबॅक्टर निघाला. १४ दिवसांच्या गोळ्यांनी जंतू गेला, अल्सर भरला. मामा आता ठणठणीत आहेत, पण अंगणातला तो आवाज मामीच्या कानातून अजून जात नाही.

गुरुजी हे वाचत असतील तर एकच विनंती. जळजळ कशाची आहे ते एकदा तपासून घ्या.

डॉक्टरीणबाई

मावळतीकर, लिहिलंत ते फार बरं केलंत. अल्सरमागे जंतू असतो हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. त्यांच्या शोधाआधी सगळं खापर तिखट आणि काळजीवर फोडलं जायचं. मध दाट असतो, घशा-अन्ननलिकेवर लेप बसतो, बरं वाटतं हे खरंच. पण तो स्वतः आम्लधर्मी आहे आणि जंतूचं औषध नाही.

नीरज_पुणे

एक बाजू मांडायची राहिली. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या डॉक्टरांनी जुलाब झालेल्या मुलांना जलसंजीवनीत ग्लुकोजऐवजी मध दिला होता. जीवाणूंमुळे झालेले जुलाब लवकर थांबले. म्हणजे पचनसंस्थेवर मधाचं काहीतरी काम आहे. एक वर्षाखालच्या बाळांचा इशारा अर्थातच मान्य.

प्रोपोलिसवर तर मधुमेहात बऱ्यापैकी अभ्यास आहेत. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी थोडी उतरते असं दिसतं. त्यात साखर नसतेच. त्याबद्दल कोणाचा अनुभव?

सातेरीवाला

प्रोपोलिस म्हणजे माशांचा डिंक. झाडाच्या चिकातून गोळा करून पेटीच्या फटी बुजवतात. पण ते करते परदेशी मेलिफेरा माशी. आपली सातेरी ते गोळा करत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे "सह्याद्रीतल्या सातेरीचं प्रोपोलिस" असं कोणी विकायला आलं तर जरा चौकशी करा.

डॉक्टरीणबाई

नीरज, अभ्यास आहेत, परिणाम माफक आहे, आणि हे प्रोपोलिस कुठल्या झाडाचं त्यावर त्यातले घटक बदलतात. सगळं गोळ्यांच्या जोडीला दिलेलं, गोळ्यांऐवजी नाही. अंगावर पुरळ उठणारेही असतात. रॉयल जेलीबाबत (राणीमाशीचं खाद्य) मात्र कडक बोलते: दमा किंवा ॲलर्जी असेल तर हात लावू नका. जीव गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, ऑस्ट्रेलियात तर पाकिटावर तसा इशारा छापावा लागतो.

शाल्मली, एक विचारायचं राहिलं. या तीन महिन्यांत मधाखेरीज आणखी काय बदललं? जेवण, फिरणं, गोळ्या?

शाल्मली

चार दिवस गायब होते. कारण तुमचा प्रश्न मी जेवताना बाबांना विचारला.

त्यांनी संध्याकाळची मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, फेब्रुवारीपासून बंद केली होती. कोणालाच सांगितलं नव्हतं. "मध चालू आहे, मग दोन-दोन औषधं कशाला" असं त्यांना वाटलं. गोळीने पोटात गुडगुडतं म्हणून ती त्यांना मुळात नकोच होती. आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा ताटातल्या भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसले होते.

मी चिडले नाही. तुम्ही सगळ्यांनी इतक्या मायेने लिहिलं होतं की चिडावंसं वाटलंच नाही. आम्ही ठरवलं, ग्लुकोमीटरवर बघू. बाबा गणिताचे शिक्षक, त्यांनी वहीत रकाने आखले. पहिल्या दिवशी नुसतं कोमट पाणी: आधी १४१, तासाने १३८. दुसऱ्या दिवशी एक मोठा चमचा मध: आधी १३९, तासाने १९७, दोन तासांनी १७२. तिसऱ्या दिवशी वजन करून १७ ग्रॅम साखर, पाण्यात: आधी १४३, तासाने २०४.

१९७ हा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या.

डॉक्टरीणबाई

गुरुजींना नमस्कार सांगा. एकेका दिवसाच्या आकड्यांवरून मध आणि साखरेतला बारीक फरक ठरत नाही, पण कोमट पाणी आणि मध यातला फरक पुरेसा मोठा आहे. एचबीए१सीत गोळीचा वाटा किती आणि मधाचा किती हे आता वेगळं करता येणार नाही, दोन्ही असणार. गोळी पुन्हा सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. पोटात गुडगुडत असेल तर हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा पर्याय असतो, जेवणासोबत घेतली तरी फरक पडतो. हे त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलं होतं का?

शाल्मली

नाही. "त्यांचा वेळ कशाला घ्यायचा" म्हणून. आता सांगितलं. गोळी बदलून दिली आहे, जेवता जेवता घ्यायची. दुपारच्या जळजळीसाठी पुढच्या आठवड्यात दुर्बिणीची तपासणी. मावळतीकर, तुमच्या मामांची गोष्ट बाबांनी दोनदा वाचली. तपासणीला तेच तयार झाले.

सातेरीवाला

गुरुजी, बरणी टाकून देऊ नका. नीट झाकण लावून कोरड्या जागी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते.

शाल्मली

टाकली नाही. डॉक्टरांनी रविवारी एक लहान चमचा, जेवणाच्या हिशोबात धरून, चालेल म्हटलंय. काल बाबांनी ज्वारीच्या भाकरीवर घेतला. बोटाने पसरला, मग वहीत लिहिलं: "मध ७ ग्रॅम. चव तुरट, मागून कडसर. सातेरीवाला म्हणतात तसाच."

मेघमल्हार

सातेरीवाला दादा, या हंगामाचा कधी निघेल? एक किलो हवा होता. आमच्याकडे मधुमेह कोणाला नाही, आणि घरातलं सगळ्यात लहान पोर चार वर्षांचं आहे.

सातेरीवाला

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, वळवाने घात केला नाही तर. टोप्या बसल्याशिवाय काढणार नाही, थोडं थांबावं लागेल.